बाबांच्या सिनेमातली बहीण

“कोण आहे बाहेर? नाव सांग, मग कडी काढते.”

हा बाबांचा आवाज. बाईचा म्हणून बारीक केलेला, मध्येच फाटणारा, माइकवर श्वास घासणारा. तेव्हा मी सात वर्षांची होते, आज एक्केचाळीस. आईची हाक कशी होती ते कधी कधी आठवावं लागतं. हा आवाज आठवावा लागत नाही, तो असतोच.

कर्नाटकात, जालहळ्ळीला कारखान्याच्या कॉलनीत मराठी मंडळाचा पत्र्याचा हॉल होता. महिन्यातल्या एका रविवारी, दुपारी चारला, खिडक्यांवर सतरंज्या टांगून तिथे अंधार करत. माझे बाबा, चंद्रकांत, टूलरूममध्ये इंजिनियर. शहरातल्या एका परदेशी केंद्राकडून ते जुन्या मुक्या सिनेमांची रिळं मागून आणायचे. सिनेमा चालू असताना मध्येच पाटी यायची, पाटीवर चार ओळी यायच्या, आणि त्या ओळींची भाषा हॉलमध्ये एकालाही यायची नाही. म्हणून बाबा पडद्याशेजारी माइक धरून उभे राहायचे आणि गोष्ट सांगायचे. ती भाषा त्यांनाही येत नाही हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चित्र हलेल तशी त्यांची गोष्ट हलायची.

त्यातला एक सिनेमा रक्त पिणाऱ्या सरदाराचा. दिवसा पेटीत निजणारा, दिवस मावळला की गावात उतरणारा, लांब बोटांचा. त्याला एकच बंधन होतं: घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडता यायचा नाही. एक तरुण त्याच्या तावडीत सापडतो आणि दिवसेंदिवस पांढरा पडत जातो. त्याच्या उशाशी एक मुलगी बसलेली. बाबांनी सांगितलं, ही त्याची धाकटी बहीण. सरदार दाराशी येतो आणि म्हणतो, तू कडी काढ, मी तुझ्या भावाला सोडतो. मग बाबा आवाज बारीक करून तिच्या तोंडी ओवी घालायचे:

*माझ्या गं दारावरी, कोण उभा कातरवेळी,*
*भावाच्या जिवासाठी, काढते मी साखळी.*

पुढच्या सतरंजीवरच्या बायका डोळ्यांना पदर लावायच्या. मी अण्णाच्या मांडीला चिकटून बसायची. अण्णा म्हणजे माझा भाऊ अवधूत, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो कानात म्हणायचा, “कस्तू, तू काढशील का गं कडी?” मी म्हणायची, “काढीन.” सात वर्षांची पोर आणखी काय म्हणणार.

अण्णा एकोणीस वर्षांचा असताना यशवंतपुरला स्कूटरवरून पडला. रक्त खूप गेलं. त्याच्या कार्डावर ओ पॉझिटिव्ह लिहिलेलं. कारखान्यातले ओ पॉझिटिव्हवाले वीस जण रांगेत उभे राहिले, आणि एकाचंही जुळेना. दोन दिवसांनी कळलं की त्याचं रक्त फक्त ओसारखं दिसतं. ते होतं बॉम्बे ग्रुपचं. हजारोंत एखाद्याचं असतं, आणि त्याला त्याच ग्रुपचं रक्त लागतं, दुसरं कुठलंही चालत नाही. बाबा त्याही वेळी म्हणाले, “गंमत बघा. आम्ही कधी दादरला उतरलो नाही, नि रक्त बॉम्बेचं.” मुंबईहून एका अनोळखी माणसाची एक बाटली विमानाने आली आणि अण्णा वाचला. मग घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं. जुळलं एकटीचं, माझं.

“सिनेमातल्यासारखं झालं हो,” बाबा येईल त्याला सांगायचे. मी बारा वर्षांची होते. मला फार अभिमान वाटायचा.

मला अठरा पूर्ण झाली त्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी बाबांनी मला रक्तपेढीत नेलं आणि आमच्या घरात एक रीत पडली. दर वर्षी भाऊबीजेच्या आदल्या दिवशी मी रक्त द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी अण्णाला ओवाळायचं. बाबा पुढच्या वर्षी गेले. रीत राहिली. लग्न झाल्यावर, महादेवपुऱ्याला राहायला गेल्यावर, कंपनीत टीम लीड झाल्यावरही राहिली. वर्षातून एकदा. त्याचं मला काही वाटत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी अण्णाच्या हाडांमधल्या मगजाने रक्त बनवणं सोडत आणलं. आता त्याला दर चार-पाच आठवड्यांनी एक पिशवी लागते. कर्नाटकात बोलावलं की येणारे या ग्रुपचे मोजके लोक आहेत, शिवमोग्ग्याचा एक, हुब्बळीचे दोघे, कधी अडलं तर पुण्याहून कुणी. बाईला दोन वेळांमध्ये चार महिने जाऊ द्यावे लागतात, म्हणून माझी पाळी वर्षातून तीनदा. रक्तपेढीतले देवाप्पा आठवण करायला फोन करतात. ते बेळगावकडचे, मराठी गोड बोलतात. “अक्का, तुमची तारीख आली बघा.”

गेल्या ऑगस्टमध्ये अशीच तारीख आली. मी रजा टाकली, नाश्ता केला, गाडी घेऊन गेले. रक्तपेढीच्या तळघरात गाडी लावली आणि उतरले नाही. अंगात काही नव्हतं. कुणाशी भांडण नव्हतं. अण्णावर राग नव्हता. कारण शोधायला गेलं तर आजही सापडत नाही. हात पुढे करावासा वाटत नव्हता, एवढंच. तासभर स्टिअरिंगवर हात ठेवून बसले. मग देवाप्पांना फोन करून म्हणाले, ताप आहे.

“असू दे अक्का, तुम्ही पडून राहा. मी बघतो दुसरं,” ते म्हणाले.

अर्ध्या तासात वहिनीचा फोन आला. भार्गवी वहिनी म्हैसूरच्या, अर्धं कन्नडात काळजी करतात. “डेंग्यू तर नाही ना गं? आमच्या गल्लीत चार जणांना आहे.” मी म्हणाले, बघू, संशय आहे. संध्याकाळपर्यंत नात्यातल्या घराघरांत माझा ताप डेंग्यू झाला होता. वहिनींनी पपईच्या पानांचा रस बाटलीत भरून पाठवला. जितेंद्र, माझा नवरा, समोर उभा राहून म्हणाला, नाक दाब आणि घे. मी घेतला. पाच दिवस सकाळ-संध्याकाळ, ठणठणीत बरी असताना, मी तो कडू रस प्यायले.

पुण्याची पिशवी नवव्या दिवशी आली. त्याआधी, सातव्या दिवशी, अण्णा न्हाणीघराच्या दारात कोसळला. हिमोग्लोबिन चारवर आलेलं. तो अतिदक्षता विभागात चार दिवस होता. बाहेर आला, पण डॉक्टर म्हणाले की हृदयाला ताण सोसला नाही. तेव्हापासून दहा पावलं चालला की तो भिंतीला हात लावून उभा राहतो, आणि कुणी बघतंय असं दिसलं की भिंतीवरचं कॅलेंडर वाचतोय असं करतो.

सप्टेंबरात मी जाऊन रक्त दिलं. फॉर्मवर आजारांच्या सगळ्या चौकटींत ‘नाही’ लिहिलं. ते खरंच होतं.

त्यानंतरची तारीख आली ती या जानेवारीत, शुक्रवारी. आणि रविवारी मंडळात अण्णाचा कार्यक्रम होता. पत्र्याचा हॉल जाऊन तिथे आता दुमजली वास्तू उभी आहे, पण हौस तीच. अण्णा आजारपणापर्यंत बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात तपासनीस होता. व्हॉल्व्ह तपासायचा तसे तो रक्तपिपासूंचे सिनेमे तपासायचा. शंभर वर्षांत त्या एकाच गोष्टीचे जेवढे अवतार पडद्यावर आले त्यांतले बेचाळीस त्याने जमवले होते. मुके, बोलके, भडक लाल रक्ताचे, विनोदी, आपल्याकडचे हवेलीवाले. एका जाड वहीत रकाने आखलेले. सुळे कसे आहेत, आत कसा येतो, बोलावतं कोण, मरतं कोण. रविवारी तो या अवतारांबद्दल बोलणार होता आणि शेवटी बाबांचा तो मुका सिनेमा दाखवून, बाबांसारखंच पडद्याशेजारून सांगणार होता. बहिणीचा आवाज मी काढायचा असं दिवाळीतच ठरलं होतं.

गुरुवारी दुपारी मी तालमीला गेले. अण्णा खिडकीपाशी आरामखुर्चीत, मांडीवर लॅपटॉप.

“ये. मी बोलावतोय म्हणून ये हं, नाहीतर उंबऱ्यातच अडकली असतीस.”

“तुझा झगा कुठंय?”

“तुझ्या वहिनीने साबणात भिजवलाय. म्हणाली, तीनशे वर्षांत एकदा तरी धुवा.”

“अहो, स्वल्प दम घ्या बोलताना,” वहिनी आतून म्हणाल्या. “आणि कस्तुरी, तू बीट खाऊन जा. उद्या द्यायचंय ना तुला.”

“खा बाई, खा,” अण्णा म्हणाला. “मला बिटाची चव लगेच कळते. मागच्या वेळी तू वडापाव खाल्ला होतास.”

मी हसले. तीन वर्षं मी या विनोदांना हसते आहे. त्याच्या हाताच्या पाठीवर सुयांचे निळे-जांभळे डाग होते. हसताना माझी नजर तिथेच जायची.

बिटाची थाळी पुढ्यात घेऊन मी माझे कागद काढले. ओवी पाठच होती. अण्णाने लॅपटॉप मिटला.

“कस्तू, एक अडचण झालीय. मला त्या सिनेमाची चांगली प्रत मिळाली. पाट्यांच्या भाषांतरासकट.”

“मग चांगलंच की.”

“ती बहीण नाही.”

“कोण?”

“ती उशाशी बसलेली. ती त्याची बायको आहे. सरदार तिला काही विचारत नाही, वचनबिचन देत नाही. कडीसुद्धा ती काढत नाही, दार नुसतं लोटलेलं असतं. बाबांनी सांगितलं त्यातलं एक अक्षर पाट्यांवर नाही.”

मला आधी गंमतच वाटली. “बाबा म्हणजे बाबाच.”

“मग मी वही काढून बेचाळीसच्या बेचाळीस पुन्हा पाहिले. कुठे ती वाग्दत्त वधू, कुठे नाचणारी, कुठे डॉक्टरची मुलगी. हवेलीवाल्यात ठाकुराची सून. बहीण एकात नाही. भावासाठी कडी काढणारी बाई जगात कुणीच केलेली नाही गं. फक्त जालहळ्ळीत.”

“पण बाबांनी कशाला घातली?”

“बायका रडाव्यात म्हणून.” त्याने श्वास घेतला. “नवऱ्यासाठी मरणारी बाई त्यांना रोज दिसत होती. त्याला कोण रडतंय? भाऊ आला की हॉल भिजतो. बाबांना हॉल कळायचा.”

वहिनी कॉफी घेऊन आल्या. पेले ठेवून त्या आत गेल्या. अण्णा म्हणाला, “मी ठरवलंय, रविवारी खऱ्या पाट्या सांगायच्या. तू समोर खुर्चीत बस आणि नीट बघ सिनेमा. इतकी वर्षं तू पडद्यावरच आहेस.”

मला एकदम राग आला. कुठून आला कळेना. “मला न विचारता काढून टाकलंस?”

“घालताना कुणी विचारलं होतं?”

तो हे हसून म्हणाला नाही. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याला काही ठाऊक आहे का? ऑगस्टबद्दल, तळघरातल्या गाडीबद्दल? पण तो कॉफीवरची साय चमच्याने बाजूला करत होता, लहानपणी करायचा तशी, जीभ थोडी बाहेर काढून. मला काहीच कळलं नाही. मी बीट संपवलं आणि निघाले. तळघरातल्या त्या तासाचं पुढे काय काय झालं हे मी पाच महिने एकटीच जाणून होते, आणि तो मला कुठल्याशा खुर्चीत बसवून मोकळी करायला निघाला होता.

शुक्रवारी सकाळी मी रक्तपेढीत पोचले तर अण्णा बाकावर बसलेला. मफलर, टोपी, हातात पाण्याची बाटली. वहिनी खाली रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालत होत्या.

“तू कशाला आलास?”

“जुळणी बघायला ताजं रक्त हवंय म्हणे माझं. म्हटलं, आपणही जावं. बघावं तरी, माल कुठून निघतो.”

देवाप्पा फॉर्म आणि पेन घेऊन माझ्या शेजारी बसले. “या अक्का. आज सर पण? जोडीनं आलाय, बरं झालं.” ते दर वेळचे प्रश्न दर वेळच्या सुरात विचारू लागले. झोप झाली का? झाली. नाश्ता? केला. कुठली गोळी चालू? नाही. दात काढला, सुई टोचली, गोंदवलं? नाही. कावीळ, मलेरिया, टायफॉइड? नाही, नाही, नाही.

“तिला काय विचारता देवाप्पा,” अण्णा म्हणाला. “ऑगस्टात डेंग्यू होऊन गेला, तरी महिन्याभरात उठून रक्त द्यायला आली. लोखंडाची आहे ही.”

हे त्याने कौतुकाने सांगितलं. पाच महिने तो हे सगळ्यांना सांगत होता. मावश्यांना, डॉक्टरांना, मंडळातल्या लोकांना. मला ते माहीत होतं आणि मी एकदाही त्याला थांबवलं नव्हतं.

देवाप्पांचं पेन थांबलं.

“डेंग्यू? ताप म्हणाला होता तुम्ही, अक्का.”

मी उगाच फोन हातात घेतला.

“डेंग्यू झाला असला तर सहा महिने रक्त घेता येत नाही ओ. ऑगस्ट म्हणजे,” त्यांनी बोटांवर मोजलं, “फेब्रुवारीपर्यंत नाही. सप्टेंबरात घेतलं तेच चुकलं म्हणायचं. ते तर सरांनाच चढवलंय.”

अण्णाचा चेहरा उतरला. “तसं नाही हो देवाप्पा, मी आपलं उगाच बोललो. स्वल्प ताप असेल. हल्ली सगळ्या तापांना डेंग्यू म्हणतात.”

“तुम्ही म्हणून काय उपयोग सर, डॉक्टर विचारतील. अक्का, रिपोर्ट आहे का? नसला तर मला लिहावं लागतं तसं.”

“आणि ती नाही देऊ शकली तर?” अण्णाने विचारलं.

“हुब्बळीच्या दोघांचं नुकतंच झालंय. शिवमोग्ग्याच्या त्या माणसाला अजून अठरा दिवस आहेत. पुण्याला विचारतो.” देवाप्पा चष्मा काढून पुसू लागले. “तुमचं हिमोग्लोबिन परवा किती होतं सर?”

“साडेपाच,” अण्णा म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडून, पाणी न पिताच, पुन्हा लावलं.

मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. हो, डेंग्यूच. फेब्रुवारीपर्यंत कुणी मला फोन केला नसता, तारीख आली म्हटलं नसतं, बीट पुढे केलं नसतं. आणि दोष कुणाचाच नव्हता, नियमच तसा. जे मी ऑगस्टात चोरून मागितलं ते आज अण्णानेच आपल्या हाताने माझ्या पदरात टाकलं होतं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. समोरच्या भिंतीवर कॅलेंडर नव्हतं, रक्तदानाचं एक जुनं पोस्टर होतं, तेच तो वाचत बसला होता. त्याच्या मानेची शीर मफलरवरून दिसत होती, भराभर उडत होती.

वहिनी जिना चढून आल्या आणि दारातच थांबल्या. “काय झालं?”

“काही नाही,” अण्णा म्हणाला. “कस्तूच्या डेंग्यूचा रिपोर्ट मागतायत. तूच सांग यांना, तू पपईचा रस पाठवला होतास ना?”

“पाच दिवस,” वहिनी म्हणाल्या. “पण रिपोर्ट असेल की तिच्याकडे. फोनमध्ये असेल. बघ गं.”

तिघेही माझ्या हातातल्या फोनकडे बघू लागले. मी तो पर्समध्ये ठेवला.

“रिपोर्ट नाही,” मी म्हणाले. “डेंग्यू झाला नव्हता. तापही नव्हता, देवाप्पा. तुमच्याशी मी खोटं बोलले.”

देवाप्पांनी पेन फॉर्मवर आडवं ठेवलं. अण्णा माझ्याकडे वळला. त्याच्या तोंडावर अजून हसू होतं, एखादा विनोद पुरा व्हायची वाट बघणारं. ते हसू असतानाच बोलायला हवं होतं, एकदा गेलं असतं तर मला जमलं नसतं.

“मी आले होते त्या दिवशी, अण्णा. इथेच खाली, गाडीत तासभर बसून होते. घरी तू पिशवीची वाट बघत होतास हे मला माहीत होतं. मला काहीसुद्धा झालं नव्हतं रे. मला द्यायचं नव्हतं.”